फक्त सैन्यदलांसाठी

आमच्या नात्यात मी ‘मेडिकल लाइनला’ होतो. हे माझ्या बायकोनं, रंजनानं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. तिचे मामा वाशीमकडून आले की विचारायचे, जावईबापू कुठं असतात कामाला? ती सांगायची, मेडिकल लाइनला, भांडुपला मोठं दुकान आहे, काउंटर यांच्याकडेच असतो. मामा खूश व्हायचे. प्रत्यक्षात मी भांडुप आणि कांजूरमार्गच्या मधल्या रस्त्यावर एका वाईन शॉपमध्ये दारू विकत होतो. एकोणतीस वर्षं विकली.

तसं रंजनाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. तो कशासाठी देतात, तर आरोग्य राखण्यासाठी; तसं त्या कागदात लिहिलेलं असतं. आणि बाटलीवर छापलेलं असतं की मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे. आमचे एक गिऱ्हाईक होते, पाठकसर, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी एकदा परवाना आणि बाटली दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "इंगळे, यातलं खरं कोणतं धरायचं?"

मी म्हटलं, "सर, दोन्ही सरकारच्याच हुकमानं लिहिलंय."

"मग दोन्ही खरं," म्हणाले, आणि ब्रँडीची क्वार्टर पिशवीत टाकून गेले. मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. या धंद्यात न कळलेल्या गोष्टींची माझ्याकडे मोठी साठवण आहे. या वार्षिक अंकाचे संपादक म्हणाले होते, दुकानातल्या गमतीजमती लिहा. मी लिहायला बसलो तर गमतीपेक्षा ही साठवणच बाहेर यायला लागली. माणसांची नावं मी बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

आधी माझ्या घरचं सांगतो. आम्ही बौद्ध. बाबा कांजूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि आमच्या घरात त्यांच्यापासून कोणी दारूला शिवलेलं नाही. कारखाना बंद पडला, मला नोकरी मिळेना, आणि मिळाली ती ही. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विकतोस तर वीक. घरात वास आणू नकोस." सीलबंद बाटलीला वास नसतो हे त्यांना कसं सांगणार? मी रोज घरी आल्या आल्या आंघोळ करायचो. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं, की माझा आवाज आपोआप खाली जायचा. मी स्वतः थेंबभर घेतली नव्हती, तरी जायचा. शेजारी बसलेली रंजना कोपरानं ढोसायची. शब्द बरोबर असायचे, आवाज मात्र साथ द्यायचा नाही.

आता धंद्याचं थोडं. वाईन शॉपचा परवाना मालकाचा असतो, पण मालक काही दिवसभर काउंटरवर उभा राहत नाही. मग त्याच्या वतीनं विकणाऱ्या माणसाचं नाव सरकारदरबारी नोंदवावं लागतं. त्या कागदाला म्हणतात नोकरनामा. त्यावर नाव असलं की मान असतो, कारण ते नाव खात्यानं मंजूर केलेलं असतं. आणि जोखीमही तुमचीच, कारण दुकानात काही कमी-जास्त झालं तर आधी तुम्हाला विचारतात. माझं नाव सहाव्या वर्षी लागलं. मी त्याची झेरॉक्स काढून घरी कपाटात ठेवली होती.

आणि मला एक कला होती. लिहायला हरकत नाही, आता तिची शिक्षा भोगून झाली आहे. मी बाटली न बघता ओळखायचो. मान, खांदा, बूड यांवरून हात फिरवला की कंपनी, माप सगळं सांगायचो. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता मागे हात घालायचो आणि बरोबर तीच काढायचो. नवे सेल्समन बघत राहायचे. आमचे मालक हरेशशेठ मुलुंडहून यायचे, पाहुण्यांना मुद्दाम माझा खेळ दाखवायचे. "देखो, हा माणूस पीत नाही, बघत नाही, तरी बोलतो कोणती आहे."

हरेशशेठना एकच दुःख होतं, सरकारी कॅन्टीन. आमच्यापासून रिक्षानं वीस मिनिटांवर लष्कराची कॅन्टीन होती. तिथं कर कमी, म्हणून दारू स्वस्त. पण मिळणार फक्त फौजेतल्या आणि फौजेतून निवृत्त झालेल्या लोकांना, कार्डावर, महिन्याला ठरावीक बाटल्या. भांडुपच्या टेकडीवर कोकणातली, घाटावरची अशी बरीच फौजी घरं. त्यांच्यामुळे आमची रम कमी खपते, असं शेठचं ठाम मत. "आपण लायसन्सचा एवढा पैसा भरतो सरकारला, आणि सरकारच समोर दुकान लावून बसतं. ये कैसा कॉम्पिटिशन?" मला ते पटायचंही आणि नाहीही. फौजेतल्या माणसाला बाटली स्वस्त मिळाली तर त्यात वाईट काय? पण मग आमच्याकडे येणारा रिक्षावाला, ज्यानं उभी हयात उन्हात काढली, त्याला का नाही? मी शेठला असं काही म्हटलं की ते म्हणायचे, "तू इलेक्शनला उभा राह."

मौज म्हणजे बाटली तीच असायची. तीच कंपनी, तीच रम, तोच आकार. कॅन्टीनच्या लेबलवर बारीक अक्षरात एक ओळ जास्त, इंग्रजीत: फक्त सैन्यदलांसाठी. तरी लोक शपथेवर सांगायचे की मिलिटरीच्या रमनं डोकं दुखत नाही. एकानं तर आमच्याकडची बाटली परत आणली, म्हणाला, याला ती मजा नाही, खरी मिलिटरीची द्या, दोन पैसे जास्त घ्या. त्याला समजावता समजावता माझंच डोकं दुखलं.

हे मत पसरवण्यात मोठा वाटा सावंत सुभेदारांचा. मूळ मालवणकडचे, फौजेतून निवृत्त होऊन टेकडीवर राहायला. सत्तरीचे, पण ताठ. रोज सकाळी फिरून परत जाताना दुकानासमोर थांबायचे आणि काउंटरवर कोपर टेकून मला चिडवायचे.

"काय रे इंगळे, खपता काय तुझी सिव्हिलियन रम?"

"खपते सुभेदार. तुम्ही घ्या ना एक."

"माका कित्याक? माझो कोटो आसा. मिलिटरीची एकदा घेतलंस तर ही तोंडाक लावचंस नाय."

मी म्हणायचो, मी तशीही लावत नाही. ते म्हणायचे, मेल्या, म्हणान तू असो सुकलंस. दहाबारा वर्षं हा संवाद थोड्याफार फरकानं रोज चालला. शेठना ते डोळ्यांसमोर नको असायचे. मला मात्र ते आले नाहीत तर सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

लॉकडाऊन उठून दुकानं पहिल्यांदा उघडली तो दिवस सांगतो. लाइन पार वळणापर्यंत गेली होती. एक गृहस्थ शटरला हार घालून पाया पडले. एक बाई भांडत होत्या की त्यांचा नंबर आधी आहे, त्यांनी चपला ठेवल्या होत्या. पोलीस वैतागलेले. अशात सुभेदार आले, कुणी सांगितलं नसताना खडूनं गोल काढले आणि माणसांना एकेका गोलात उभं केलं. "पायाखाली बघ, फुडल्याक टेकू नको." दुपारपर्यंत सगळं रांगेला लागलं. कॅन्टीन तेव्हा बंदच होती, म्हणून मी त्यांच्यासाठी रमची बाटली बाजूला काढून ठेवली. म्हणालो, सुभेदार, आज तरी सिव्हिलियन घ्या. त्यांनी हात हलवला, "आसो दे, आधी ह्यांका दी," आणि तसेच घरी गेले. मला वाटलं, दमले असतील. बाटली मी परत फळीवर ठेवली.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि सुभेदार एका दुपारी दुकानात आले. काउंटरवर कोपर टेकलं नाही, सरळ उभे राहिले. हळदीच्या रात्री पाहुण्यांना पाजायला माल हवा होता. कोट्यात मोजक्या बाटल्या मिळतात, हळदीला पेट्या लागतात. शेठ गल्ल्यावरच होते, त्यांचा चेहरा असा खुलला की मुलगी त्यांचीच असावी. सुभेदार गेल्यावर म्हणाले, "मिलिटरी सरेंडर हो गया."

हळदीच्या मालाची आमच्या धंद्यात एक रीत आहे. घरच्यांना अंदाज येत नाही, म्हणून जास्तच नेतात, आणि सील न फुटलेल्या बाटल्या दोन दिवसांत परत आणल्या तर दुकान घेतं. लिखापढी नाही, शब्दावर. ओळखीच्या घराला नाही कसं म्हणणार? तर सुभेदारांच्या घरचा उरलेला माल टेम्पोनं परत आला. मी मुलीच्या लग्नाचं विचारत, टेम्पोवाल्याशी गप्पा मारत बाटल्या मागे हात घालून फळीवर मांडत गेलो. मान, खांदा, बूड. मनात जरा खूश होतो, की सुभेदारांची रम शेवटी आमच्याच फळीवरून गेली आणि आमच्याच फळीवर आली. एकदाही लेबल बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात उत्पादन शुल्क खात्याची तपासणी आली. नेहमीचीच. इन्स्पेक्टरसाहेब तरुण होते, शांत, आवाज न चढवणारे. रमच्या ओळीशी आले, एक बाटली उचलली, फिरवली आणि लेबल माझ्याकडे केलं. त्यावर ती बारीक ओळ होती: फक्त सैन्यदलांसाठी. हाताला सगळं कळतं, वाचता येत नाही, हे मला सत्तावीस वर्षांनी समजलं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते असं.

कॅन्टीनची बाटली खाजगी दुकानाच्या फळीवर सापडणं ही साधी चूक धरत नाहीत. त्याचा अर्थ असा निघतो की तुम्ही कार्डवाल्यांकडून स्वस्तातला माल गुपचूप घेता आणि दुकानाच्या दरानं विकता. पंचनामा झाला. साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "माल कुठून आला ते जबाबात लिहून द्या. खरं लिहिलंत तर तुम्हाला ताकीद देऊन भागेल. नाही सांगितलंत तर तुम्हीच आणला असं धरावं लागेल, मग नोकरनामा राहत नाही." परवा कार्यालयात यायला सांगून ते गेले.

शेठनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "लिहून दे ना, सावंतच्या परतीच्या मालात आली. सच तो है."

"सच आहे शेठ. पण त्यांचं कार्ड जाईल."

"जाऊ दे ना. एकाचं गेलं की बाकीचे मिलिटरीवाले सुधरतील. तू वाचतोस, मी वाचतो. तुला प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम काय आहे ते मलाही सांगता येईना. बाटली त्यांच्याच घरून आली होती. खरं लिहायचं होतं, आणि खरं लिहून माझाच फायदा होता. एवढं सोपं असताना छातीवर धोंडा का बसावा?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेकडीवर गेलो. सुभेदारांच्या पत्नी, सुलभावहिनी, यांनी कोकम सरबत दिलं. दारावरचं लग्नाचं तोरण अजून तसंच होतं. मी झालेलं सांगितलं आणि विचारलं, "सुभेदार, तुमच्या कोट्यातली एक चुकून त्यात गेली का?"

वहिनीच म्हणाल्या, "खंयचो कोटो भावजी? ह्यांनी सहा वर्सां झाली, रमेक हात लावल्यानी नाय. डॉक्टरान सांगल्यान, आणि मी देवासमोर शपथ घातलंय. कॅन्टीनीत जातत, साबण, चायपत्ती, लोणचा घेवन येतत. बाटली नाय."

मी सुभेदारांकडे बघितलं. रोज सकाळी माझ्या काउंटरवर कोपर टेकून मिलिटरीच्या रमचं गुणगान गाणारा माणूस सहा वर्षं प्यालेलाच नव्हता. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुभेदार रम घेणा नाय म्हटल्यार लोक काय म्हणतले?" मला रंजनाची मेडिकल लाइन आठवली. मी विकायचो आणि लपवायचो, ते पीत नव्हते आणि लपवायचे. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

मग बाटली कुणाची? ती त्यांच्या पलटणीतल्या जुन्या साथीदारांची. त्यांच्यात पद्धत आहे, साथीदाराच्या घरी लग्न असलं की प्रत्येकानं आपल्या कोट्यातली एक बाटली न्यायची, आहेराच्या पाकिटासोबत. चौघांनी आणल्या होत्या. तीन संपल्या, चौथी उरलेल्या मालात मिसळली. परतीचा माल भरणाऱ्याला वाटलं, रम म्हणजे रम.

"कोणाची ती माका म्हायत आसा," सुभेदार म्हणाले. "पण नाव सांगूचंय नाय. माझ्या घरातली बाटली म्हणजे माझी. माझा नाव लिव."

"कार्ड जाईल सुभेदार."

"जाऊंदे."

वहिनी आत गेल्या आणि कार्ड घेऊन आल्या. देवाच्या तसबिरीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं होतं. ते त्यांनी उगाच माझ्यासमोर टीपॉयवर ठेवलं. म्हणाल्या, "म्हयन्यातून एकदा हे इस्त्रीचो शर्ट घालतत. कॅन्टीनीच्या दिवशी." सुभेदार त्यांच्यावर खेकसले, ता हडे कित्याक हाडलंस, ते इथं कशाला आणलंस म्हणून. मी सरबत संपवलं आणि उठलो.

परवा म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी जबाब लिहिला. परत आलेला माल मी न तपासता फळीवर मांडला. तो कोणत्या गिऱ्हाईकाकडून आला हे माझ्या लक्षात नाही. चूक सर्वस्वी माझी. खाली सही केली.

इन्स्पेक्टरसाहेबांनी दोनदा वाचलं. "सत्तावीस वर्षं काउंटरवर आहात. लक्षात नाही?"

"वय झालं साहेब."

"माझे वडील तुमच्याएवढे आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या सगळं लक्षात असतं." मग कागद फाइलला लावला. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. तरी तो कागदच खरा ठरला. पाठकसरांचा प्रश्न तिथं पुन्हा आठवला.

नोकरनामा रद्द झाला. दुकान काही दिवस बंद राहिलं, दंड बसला. शेठ मला काढून टाकणार याची मी मनाची तयारी केली होती. त्यांनी मला मागच्या गोदामात पेट्या लावायला ठेवलं. मी विचारलं, का ठेवलंत? म्हणाले, "तू मूर्ख आहेस, चोर नाहीस. चोर मला कुठं पण मिळतो." ही शाबासकी होती की शिवी, तेही मी साठवणीत टाकलं. शेवटची दोन वर्षं मी गोदामात काढली. काउंटरवर नवा पोरगा आला, तो प्रत्येक बाटलीचं लेबल वाचून देतो. वेळ लागतो, पण तेच बरोबर आहे.

मला वाटलं होतं, सुभेदार येतील. आभार मानतील असं नाही, तो त्यांचा स्वभाव नाही, पण कोपर टेकून एखादी शिवी तरी घालतील. ते आलेच नाहीत. सकाळी फिरायला जाताना समोरच्या फुटपाथवरून जायचे. महिनाभरानं भाजीबाजारात समोरासमोर आले तेव्हा मीच आडवा गेलो.

"सुभेदार, रागावलात?"

"मी तुका माझा नाव लिव सांगलंय. लिवलंस?"

"तुमचं कार्ड वाचावं म्हणून नाही लिहिलं."

"तुका कोणी सांगलेला वाचव म्हणान? माझ्या घरातली चूक, ती मी घेतलंय असतंय. तू माझो भार उचललंस आणि माका हलको केलंस. साथीदारांच्या फुडे आता मी काय तोंड दाखवू?" आणि भेंडीची पिशवी उचलून गेले.

मी तिथंच उभा. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली वाईट वाटलं. ज्या कागदाची झेरॉक्स मी एकवीस वर्षं कपाटात जपली तो कागद ज्याच्यासाठी घालवला, तोच म्हणतो तू मला हलकं केलंस. घरी येऊन रंजनालाही सांगता येईना, कारण तिला मी सांगितलं होतं की बाटली कुठून आली ते मला खरंच आठवत नाही. एक खोटं कागदावर, दुसरं घरात.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात मला नवीनच त्रास सुरू झाला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सत्तावीस वर्षं ते मी खणखणीत म्हणत आलो होतो. त्या दिवशी तिथं पोचलो आणि आवाज घशातच राहिला. पाचवं मात्र मोकळं म्हटलं गेलं. काउंटर सुटला होता ना. रंजनानं सवयीनं कोपर मारलं, पण पाचव्याला, आणि मग माझ्याकडे बघतच राहिली.

या वर्षी मी निवृत्त झालो. एक दिवस सुलभावहिनी केमिस्टकडे भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, हे तेव्हापासून कॅन्टीनीत गेलेच नाहीत, कार्ड तसबिरीमागे तसंच आहे, साथीदार फोन करतात तर घेत नाहीत. मी औषधं तशीच काउंटरवर ठेवून टेकडी चढलो. दमलो होतो, म्हणून नमस्कार-चमत्कार केला नाही.

"कॅन्टीनला का जात नाही?"

"तुझो जबाब खोटो आसा. त्या खोट्यावर माझा कार्ड चलता. माका नको तसला कार्ड. तू जबाब बदल, मगे जातंय."

"बदलला तर कार्ड काढून घेतील."

"घेवंदे."

"मग जाणार कसे?"

"तां माका म्हायत नाय," सुभेदार म्हणाले. "तू बदल."

आता सांगा. जबाब बदलला तर कार्ड जातं, नाही बदलला तर कार्ड वापरलं जात नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फाइल केव्हाच बंद झालेली, साहेबांची बदली झालेली, शेठनी दंड भरलेला. या वयात कार्यालयात जाऊन मी सांगू काय, की मला आता आठवलं? मी आठवडाभर विचार केला. विचार करून माझं कधीच भलं झालेलं नाही.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला, दुकानातल्या गमती लिहा म्हणून. आणि मी हे सगळं लिहिलं. आधी रंजनाला वाचायला दिलं. तिनं शांतपणे वाचलं, कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्याशी पण खोटं बोललात." मी हो म्हटलं. ती भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "आता मामांना काय सांगायचं? मेडिकल लाइन बंद पडली म्हणून?" त्यावरून मी ओळखलं की छापायला हरकत नाही.

मग गेल्या आठवड्यात कागद घेऊन सुभेदारांकडे गेलो. म्हणालो, "सरकारी जबाब बदलायचं माझ्यात बळ नाही. हा दुसरा लिहिलाय. नावं बदलली आहेत, पण चूक कुठून आली, कुणाची होती आणि कोण खोटं बोललं, सगळं लिहिलंय. चार लोक वाचतील. चालतो का बघा." ते डोळे मिटून खुर्चीत बसले आणि मी वाचत गेलो. त्यांचं बोलणं त्यांच्यासारखंच वाचायचा प्रयत्न केला, त्याचं वहिनींना हसू आलं. रमला सहा वर्षं हात लावला नाही या जागेला सुभेदारांच्या भुवया वर गेल्या, पण डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, हे काट म्हणणार.

वाचून झालं. मी कागद खाली ठेवले.

"सहा वर्सां तेव्हा होती," सुभेदार म्हणाले. "आता आठ झाली. तां नीट लिव."

"लिहितो."

"आणि कोपर मी टेकय नाय होतंय. हात ठेवय होतंय."

"बरं."

मग त्यांनी डोळे उघडले आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "गो, तो निळो शर्ट इस्त्रीक दी. उद्या माका जावचा आसा." वहिनी दारात उभ्या होत्या, त्या तसबिरीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत रिक्षानं गेलो. सिव्हिलियनला आत सोडत नाहीत, म्हणून गेटबाहेर झाडाखाली उभा राहिलो. तासाभरानं ते आणखी दोन म्हाताऱ्यांबरोबर बोलत बाहेर आले, हातात साबण आणि चहापत्तीची पिशवी. त्यातली एक साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. मी सवयीनं ती न बघता चाचपली, मग आठवण झाली आणि उलटी करून त्यावरचं सगळं वाचलं. सुभेदार बघत होते.

कपाटातल्या झेरॉक्सशेजारी ती वडी ठेवली आहे. पौर्णिमा चार दिवसांवर आली आहे. कार्यालयातला कागद अजून तसाच आहे, माझ्या सहीचा, आणि चौथं शील कोणत्या आवाजात म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.